हजार पानांची शाई

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार.

मंगळवारी सकाळी अकराला वीस मिनिटं कमी असताना एका गिऱ्हाइकाने आमच्या काउंटरवर निळ्या-काळ्या शाईची तिसरी बाटली मागितली, आणि तेव्हापासून माझं सगळं बिनसलंय. हसू नका. बाटली मीच दिली. कागदात गुंडाळून दिली, वर "आणखी काही?" असंही विचारलं. गिऱ्हाईक "नाही" म्हणालं आणि गेलं. मग मी जो स्टुलावर बसलो तो मालकीणबाई "झोपलास काय रे?" म्हणेपर्यंत बसूनच राहिलो.

पेनाच्या दुकानात शाई विकली गेली तर त्यात डोकं धरून बसण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. आहे. पण ते नंतर. आधी मला माहिती हवी आहे आणि ती तुमच्याइतकी कोणाकडे नाही. फोनच करणार होतो, पण तुमचा नियम ठाऊक आहे: फोनवर तू अर्धा वेळ ओरडतोस, पत्रात निदान हात दुखून गप्प बसशील. म्हणून लिहितोय.

मोठं पेन म्हणजे नेमकं केवढं? आमच्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर सगळी आडदांड मंडळी ठेवली आहेत. पिस्टनची, दांडी ओढून भरायची, कन्व्हर्टरची, शिवाय तुम्ही लेथवर काढून पाठवलेली एबोनाइटची, म्हणजे त्या कडक रबराची काळी दांडकी. बाहेरून सारी एका मापाची दिसतात. पण प्रत्येकाच्या पोटात शाई किती मावते? आणि त्या शाईत पानं किती होतात? नीट आकडे द्या. 'साधारण' नको, 'अंदाजे' नको.

तुमच्या सहा दांडक्यांपैकी पहिलं मीच जोडलं, हे तुम्हाला कळवायचं राहिलं. निब मी बसवली, पुढचा भाग मी फिरवून घट्ट केला. मालकीणबाई मागे उभ्या. म्हणाल्या, "पहिलंच पेन गळून परत आलं, तर त्याच्या मागोमाग तूही परत जाशील." दुकानात माणसं होती, त्यांच्या देखत. मी पुढचा भाग आवळत राहिलो. कॉलेजात असतो तर बोललो असतो. बोललोच होतो, म्हणून तर दुसऱ्या वर्षाच्या मधूनच इथे येऊन पडलोय. ते पेन जोडून होतं न होतं तोच त्या गिऱ्हाइकाने घेतलं. बोटं बारीक आहेत तिची, पण ते दांडकं हातात धरलं आणि कागदावर एक रेघ ओढली तेव्हा असं वाटलं की

असो. आकडे पाठवा. लवकर.

तुमचा भाचा

ता. क. पार्सलात आलेलं मलम झकास आहे. टाचा मऊ पडल्या. मामीला सांगा.


९ फेब्रुवारी

चि. तोफखान्यास,

अनेक आशीर्वाद.

पहिल्या पानावर तुझं गिऱ्हाईक 'म्हणालं' आणि 'गेलं'. दुसऱ्या पानावर त्याची बोटं 'तिची' झाली. हे मामीने पकडलं, मी नाही. मी तुझ्या आकड्यांच्या नादात होतो. मामी विचारते, ती कोण? आणि दुसरं विचारते, परीक्षेला बसणार आहेस का? दोन्हींपैकी एकाचं तरी उत्तर दे.

आता तुझे प्रश्न. एवढी वर्षं लेथवर उभा आहे, पण असं खोदून कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा थोडं पाल्हाळ सहन कर.

मोठेपणा लांबीवर मोजू नकोस. टोपणासकट पंधरा सेंटिमीटर झालं की लोक "केवढं हे!" म्हणतात. पण पेन मोठं असतं ते अंगठा आणि तर्जनी टेकतात तिथे. शाळेच्या पेनाची ती जागा दहा मिलिमीटर जाड असते, माझ्या दांडक्याची तेरा. तीनच मिलिमीटर, पण लिहून बघ. मूठ सैल पडते, बोटं आवळायची थांबतात आणि हात पार खांद्यापासून चालायला लागतो. म्हणून मोठी अक्षरं काढणारी माणसं ते घेतात. हात लहान असला तरी बिघडत नाही.

पण अंगाने मोठं ते पोटाने मोठं असं नाही. इथेच लोक फसतात. कन्व्हर्टरचं पेन घे. देह पैलवानाचा आणि आत इंजेक्शनच्या सिरिंजसारखी इवलीशी नळी. जेमतेम एक मिली, बाकी सगळी हवा. जुन्या खटक्याच्या पेनात रबरी पिशवी असते. खटका उचलला की ती चेपते, सोडला की शाई ओढून घेते. दीड मिली धर, पण रबर कधी दगा देईल सांगता येत नाही. पिस्टनमध्ये मागचं टोक फिरवलं की आतला दट्ट्या सरकतो. दोन मिली, फार तर सव्वादोन, कारण निम्मी जागा ती यंत्रणाच खाते. आणि ती दांडी ओढून दाबायची पेनं अडीचपर्यंत जातात. शाईत बुडवून दांडी झटक्यात खाली घेतली की 'फस्' असा आवाज होतो. त्या आवाजासाठी मी अजूनही कधी कधी एखादं उगीचच भरतो.

राहिलं माझं दांडकं. त्याला यंत्रणाच नाही! पुढचा भाग फिरवून काढायचा, ड्रॉपरने शाई थेट पोटात सोडायची, फिरवून बंद करायचं. साडेचार मिली. बाकीच्यांनी टोपण काढून नमस्कार करावा. खोट एकच, की शाई आणि तुमचा शर्ट यांच्यामध्ये आट्यांशिवाय दुसरं काही नसतं.

पानांचं म्हणशील तर रुंद निबेने एका मिलीत बारा पानं. अंदाजे म्हणत नाही, कारण तुला राग येतो.

मामी म्हणते, तिने कसलंही मलम पाठवलेलं नाही. तुझ्या आईने दिलं असेल.

मामा


१३ फेब्रुवारी

मामा,

आकडे पोचले. माझी झोप गेली.

ती कोण ते सांगतो. आमच्या समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तिची खोली आहे. प्रमाणपत्रांवर, मानपत्रांवर नावं लिहून देते. गल्लीत तिला अक्षरवाली म्हणतात. लोक वाट वाकडी करून तिच्या खिडकीखाली थांबतात असं काही नाही; मी थांबतो. दुकानात आली की विचारते, "काय रे, आज कोणाशी भांडलास?" दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर त्याच्याशीच भांडलो असतो. आमचं बोलणं आजवर एवढंच झालंय म्हणा. पण ती ते विचारते कसं, हे पत्रात लिहिता येत नाही.

आता गणित. काल तिने चौथी बाटली नेली. म्हणजे तीन संपल्या. बाटली तीस मिलीची, तेव्हा नव्वद मिली. पेन घेऊन झाले सदतीस दिवस. ह्या दिवसांत तिच्याकडे काम एकच, एका संस्थेची चारशे प्रमाणपत्रं. एकावर नाव आणि खाली एक ओळ. आठशे ओळी झाल्या. पानाला पंचवीस ओळी धरल्या तर बत्तीस पानं. तुमच्या मापाने पावणेतीन मिली. चला, तीन धरतो, तिच्यावर अन्याय नको. उरले सत्त्याऐंशी. सत्त्याऐंशी गुणिले बारा: एक हजार चव्वेचाळीस.

हजार पानं, मामा! ही हजार पानं ती लिहितेय कोणाला?

मला ठाऊक आहे कोणाला. आमच्यापासून तिसरं दुकान शिक्केवाल्याचं. रबरी शिक्के करतो. हसला की गालाला खळी पडते आणि हे त्याला माहीत आहे, म्हणून गिऱ्हाईक आलं की आधी हसतो, मग "बोला" म्हणतो. ह्या आठवड्यात ती तीनदा त्याच्याकडे गेली. तिला शिक्क्याचं काय काम? ती सगळं हाताने लिहिते; शिक्का म्हणजे तिच्या पोटावर पाय!

अजून ऐका. काल तिच्या पिशवीतून आपलं दांडकं डोकावत होतं. पुढचा भाग जिथे नळीला जुळतो ना, तिथे हिरवा दोरा गुंडाळलेला. चार-पाच वेढे आणि वर बारीकशी गाठ. असा दोरा कोणी उगीच बांधतं का? मी विचारलं, "दोरा कसला?" तिने पेन चटकन आत ढकललं. म्हणाली, "असाच." आणि दोन्ही हात काउंटरखाली घेतले. दोन्ही! शिक्केवाल्याच्या काउंटरवर त्याच हिरव्या दोऱ्याचं रीळ आहे, पुड्या बांधायला. मी स्वतः बघून आलो. नुसतं बघून परत कसं यायचं, म्हणून मला नको असलेला एक शिक्का करायला टाकून आलो. 'मिळाले' असा. काय मिळाले ते विचारू नका.

आणि हो, तुमच्या पाकिटाचा एक कोपरा उघडून पुन्हा चिकटवल्यासारखा दिसला. मालकीणबाई शपथेवर सांगतात की त्यांनी हात लावला नाही. त्यांच्या शपथेचं मला काही सांगू नका. तुम्हीच चिकटवला असेल तर तसं स्पष्ट लिहा.

तुमचा भाचा


१८ फेब्रुवारी

चि. तोफखान्यास,

हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मगच जागेवरून ऊठ.

पाकीट मामीने उघडलं होतं. तिला तुला दोन शब्द सुनवायचे होते. मग म्हणाली, "जाऊ द्या, हल्ली तो ऐकायच्या मनःस्थितीत दिसत नाही," आणि पुन्हा डिंक लावला. मालकीणबाईंची शपथ खरी आहे.

तुझं गणित मी करून पाहिलं. गुणाकार बरोबर आहे. पण बाळा, तिथे गुणाकार करायचाच नव्हता. सदतीस दिवसांत हजार पानं म्हणजे रोज अठ्ठावीस. एवढं कोणी कोणाला लिहीत नाही, अगदी तूसुद्धा नाही. आता सत्त्याऐंशीला साडेचारने भाग. एकोणीस येतात. म्हणजे सदतीस दिवसांत तिने पेन एकोणीस वेळा भरलं. एक दिवसाआड भरायचं, एक दिवसाआड रिकामं व्हायचं. हे लिहिणं नाही रे, ही गळती आहे. दोरा कुठे बांधलाय म्हणालास? जोडावर. दोन्ही हात तिने का लपवले? माझेही लपवावे लागतात कधी कधी. शाईने बरबटलेले हात माणूस चारचौघांत दाखवत नाही. आणि शिक्केवाल्याकडे असतं काय? रबर! एवढ्या जाड जोडाला बाजारातला वॉशर बसत नाही, तो कोणाकडून तरी कापूनच घ्यावा लागतो.

इथवर मी शहाणा होतो. पुढचं मला उलगडेना. आटे मी स्वतः पाडलेत आणि वर सिलिकॉन ग्रीस पाठवलंय. ते आट्यांना लावून पेन बंद केलं की थेंब बाहेर येत नाही. मग गळतंय कसं? तेव्हा मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्या पोराच्या टाचांचं मलम नक्की कुठून आलं?"

मी तडक लेथकडे गेलो. ग्रीसची ट्यूब फुटली होती, म्हणून मी ते मलमाच्या रिकाम्या डबीत काढलं होतं. 'हे ग्रीस आहे, प्रत्येक पेनाला लावणे' अशी चिठ्ठी लिहिली होती. ती चिठ्ठी आज लेथवर, माझ्या चष्म्याच्या घराखाली सापडली.

तेव्हा अर्धी चूक माझी. उरलेली अर्धी अजून व्हायची असेल तर होऊ देऊ नकोस. तिला जाब विचारू नकोस. शिक्केवाल्याच्या अंगावर जाऊ नकोस. डबी घे, तिच्याकडे जा, पेन माग, ग्रीस लाव, माफी माग. चार वाक्यांचं काम आहे. पाचवं बोलू नकोस, तुझी पाचवी वाक्यं मला माहीत आहेत.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र अजून आलं नाही आणि वाट बघत बसणं माझ्याच्याने होत नाही. काल जे झालं ते मीच सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून ऐकायला नको.

काल चार वाजता शिक्केवाल्याकडे गेलो, माझा शिक्का आणायला. शपथ, फक्त शिक्का आणायला. आत ती. तिचं पेन त्याच्या हातात. दोघं काउंटरवर वाकलेली, डोक्याला डोकं लागेल एवढी, आणि हसतायत. नुसतं हसत नाहीत, ती डोळे पुसतेय हसून हसून. मी दोन महिने एवढे विनोद केले, एकदाही तिने डोळे पुसले नाहीत.

बाजूला बाकड्यावर संस्थेचे सचिव बसले होते, प्रमाणपत्रांवर मारायचा शिक्का घ्यायला आलेले. काउंटरवर प्रमाणपत्रांचा तयार गठ्ठा.

मी म्हणालो, "पेन कोणाचं आहे ते?"

शिक्केवाला म्हणाला, "या या, तुमचं 'मिळाले' तयार आहे." आणि खळी पाडली.

"खड्ड्यात गेलं मिळाले!" मी म्हणालो. मग तिच्याकडे वळलो. "हजार पानं कोणाला लिहिलीस? ह्यालाच ना?"

"कसली पानं?"

"सत्त्याऐंशी मिली! मी मोजलंय!"

सचिव उठून उभे राहिले. ती खालच्या आवाजात म्हणाली, "हळू बोल. आत्ता नको, मग सांगते." तुम्हीच सांगा, 'मग सांगते' म्हणजे काय? म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहेच ना?

मी पेन हिसकावलं. ते घट्ट बंद केलेलं नव्हतं, नुसतं टेकवलेलं होतं, त्याला मी काय करू? पुढचा भाग त्याच्या हातात राहिला आणि नळी माझ्या हातात आली. भरलेली. साडेचार मिली म्हणजे एक चमचाभरसुद्धा नाही, मामा. पण ती शाई गठ्ठ्यावर पडली आणि पसरत गेली, पसरतच गेली. टिपकागद कोणाकडे नाही. तिने रुमाल दाबला. रुमाल आधीपासूनच निळा होता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, आत्ता लिहिताना वाटतंय. बोटंही निळी होती, नखांच्या मुळापर्यंत.

सचिव म्हणाले, "बाई, तुमची भांडणं तुमच्या घरी. आमच्या कागदांवर कशाला?"

तिने रुमाल गठ्ठ्यावरच सोडला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "जा."

मी केलं ते बरोबर केलं असं मला अजूनही वाटतं. निदान सत्तर टक्के. तुम्ही काय ते लिहा. मालकीणबाई सकाळपासून माझ्याशी गोड बोलतायत, त्यामागेही काहीतरी असणार.

तुमचा भाचा


२१ फेब्रुवारी

हे बॉलपेनने लिहिते आहे. माझं पेन सध्या दोन तुकड्यांत आहे.

तुला शाई कुठे गेली ते हवं होतं. घे. पेन पहिल्या दिवसापासून गळत होतं. पिशवीला गळलं, टेबलाला गळलं, एका मानपत्रावर अध्यक्षांच्या नावावर गळलं. ते मी माझा हात घसरला असं सांगून पुन्हा लिहून दिलं. परत आणलं नाही, कारण तुमच्या मालकीणबाई तुला जे म्हणाल्या ते मी ऐकलं होतं. तिथेच उभी होते. म्हटलं, नवीन आहे, पहिलंच पेन जोडलंय, कशाला त्याची नोकरी घालवा. आणि मला ते पेन आवडलंही होतं. हातात धरलं की माझं अक्षर मोठं व्हायचं.

दोरा बांधला तर थोडं थांबायचं. मग शिक्केवाल्याने रबराचा वॉशर कापून दिला. तीनदा माप चुकलं, एवढ्या जाड पेनाचं त्याने कधी केलं नव्हतं. चौथा त्याने एका जुन्या शिक्क्यातून कापला. बसवून बघतो तर वॉशरच्या कडेवर उलटं 'रद्द' उमटलेलं. त्यावर आम्ही हसत होतो. तुझ्या हजार पानांची गोष्ट त्याच्या बायकोच्या कानावर गेली. ती म्हणाली, "ह्यांना कोणी दोन ओळी जरी लिहिल्या तरी त्या मलाच वाचून दाखवाव्या लागतात, चष्मा सापडत नाही ह्यांना."

एकेचाळीस प्रमाणपत्रं गेली. ती मी पुन्हा लिहून देते आहे. पुढच्या वर्षीचं काम संस्थेने काढून घेतलं. मानपत्रांचंही. सचिव म्हणाले, जिथे आरडाओरडा होतो तिथे आम्ही येत नाही.

"शाई एवढी कशी लागते?" असं तू मला एकदा विचारायला हवं होतंस. मी सांगितलं असतं. चार बाटल्या दिल्यास, चारही वेळा "आणखी काही?" एवढंच विचारलंस.

उत्तर लिहू नकोस.


२५ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र वीस तारखेला आलं. दोन दिवस आधी आलं असतं तर, असं मी दोन दिवस म्हणत होतो. मग लक्षात आलं की आधी आलं असतं तरी मी 'मामा सगळ्यांची बाजू घेतात' म्हणून ते खिशात कोंबलं असतं आणि तिकडे गेलोच असतो. तेव्हा टपालाला बोल लावत नाही. तुमच्या चष्म्याच्या घरालाही नाही. तिचं पत्र मी मालकीणबाईंसमोर टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, पेन मी जोडलेलं, ग्रीस मी टाचांना लावलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्या पायांकडे पाहिलं. म्हणाल्या, "म्हणूनच लादीवर घसरत होतास होय! परत पाठवणार होते तुला. पण उरलेली पाच दांडकी कोण उघडणार? बस आणि एकेक कर." पाचही उघडली, पाचही केली. मग डबीच्या कडेकडेचं नखाने खरवडून थोडं काढलं आणि त्यांना विचारून समोर गेलो.

तिने लिहू नकोस म्हटलं होतं. येऊ नकोस असं म्हटलं नव्हतं. हा माझा वकिली मुद्दा, मला ठाऊक आहे.

दार उघडंच होतं. मी ती खोली आतून पहिल्यांदा पाहिली. उतरतं टेबल, वर दिवा, आणि जमिनीवर दारापर्यंत ओळीने प्रमाणपत्रं सुकायला मांडलेली. पाय ठेवायला एक फरशी मोकळी होती, तिच्यावर उभा राहिलो. ती साध्या टाकाने लिहीत होती, दौतीत बुडवून. चार अक्षरं, पुन्हा बुडवायचं. मला बघून तिने बुडवणं थांबवलं नाही.

मी म्हणालो, "पेन दे. माझ्याकडून ग्रीस लावायचं राहिलं होतं. आता लावतो. माझं चुकलं." मोजून चार. पाचवं बोललो नाही, मामा, तुमची शपथ.

तिने खणातून दोन्ही तुकडे काढून पुढे सरकवले. मी दोरा कापला, वॉशर काढला, आटे पुसले, बोटावरचं ग्रीस फिरवून लावलं. ड्रॉपरने तिच्या बाटलीतून शाई भरली, घट्ट केलं आणि पेन एका कोऱ्या कागदावर आडवं ठेवलं. आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत बसलो. दहा मिनिटं तरी गेली असतील. जोडापाशी टाचणीच्या टोकाएवढाही ठिपका नाही. तिने पेन उचललं, उलटं केलं, सुलटं केलं, जोडावर अंगठा घासून पाहिला. कोरडा. पहिल्यांदाच जरा हसली. "बरं झालं," म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं की माझ्याच हाताला काही आहे."

मला वाटलं, झालं. मिटलं. मनातल्या मनात मी पुढचा आठवडासुद्धा ठरवून टाकला.

मग तिने विचारलं, "आणि उद्या मी खरंच कोणाला पत्रं लिहायला लागले तर?"

"तर लिही की. मला काय त्याचं?"

"खरं?"

"खरं."

हे मी अगदी मनापासून बोललो. बोलता बोलता माझं लक्ष टेबलावरच्या बाटलीकडे गेलं. ती बाटली तिने कालच आमच्याकडून नेलेली, मालकीणबाईंनी दिली होती, सील शाबूत होतं, मी पाहिलं होतं. तीस मिली. मी आत्ता भरले साडेचार. एकेचाळीस प्रमाणपत्रांना पाव मिली पुरे. म्हणजे शाई लेबलाच्या वरच्या ओळीला हवी होती, आणि ती तिच्या बरीच खाली होती. मी हे गणित करायला बसलो नव्हतो, मामा. ते झालंच. आकडा समोर येऊन उभा राहिला तेव्हा मला कळलं की मी मोजत होतो.

तिने माझ्या नजरेच्या मागोमाग बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आवाज न चढवता म्हणाली, "किती कमी आहे?"

आणि मी उत्तर दिलं. "नऊ मिली."

टाक धुवायला शाई जाते, दौतीत ओतून घेतलेली असते, शंभर कारणं असतात. ती मला खाली आल्यावर सुचली. तिथे तिने एकही सांगितलं नाही. बाटली हलवली नाही, झाकलीसुद्धा नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, आणि ते मला येतं. ती वळली, दिवा जरा खाली ओढला, दांडकं हातात घेतलं आणि पुढच्या प्रमाणपत्रावर कोणाचं तरी नाव लिहायला लागली. पेन अडलं नाही, ओकलं नाही. एका दमात आडनावापर्यंत गेलं. मी त्या एका फरशीवर उभा होतो. तिने नाव संपवलं, प्रमाणपत्र खाली सुकायला ठेवलं, दुसरा कागद घेतला.

मी एकेक पाय उचलून ओल्या कागदांमधून बाहेर आलो आणि वाऱ्याने ते उडू नयेत म्हणून दार हळूच ओढून लावून घेतलं.